विचारलं नाही, सांगितलं नाही

जुना फ्रिज काढायचा असला की हल्ली ओएलएक्ससारख्या ठिकाणी फोटो टाकतात. फोटो पुढून, पुसून-पासून काढलेला. मागचा गंज आणि दर उन्हाळ्यात भरावा लागणारा गॅस यांबद्दल अवाक्षर नाही. खाली ठरलेली ओळ : ‘कंडिशन एक नंबर, घर बदलत असल्याने विकणे आहे.’ घर खरोखरच बदलत असतं, त्यामुळे विकणाऱ्याला आपण खोटं बोललो असं वाटतही नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदा त्याला बराच सांभाळून घेतो. फसवणूक म्हणजे काय हे सांगणाऱ्या कलम १७ खाली एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे, पण लिलावात तो काही बोलत नाही. कायद्याच्या लेखी ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर खोट सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो’, तर त्यानंतरचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

चॅटमध्ये जो तो हेच तर विचारतो : ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ समोरून उत्तर येतं, ‘येऊन बघून घ्या.’ मोठं बेरकी उत्तर आहे हे. पाच मिनिटं उभं राहून कॉम्प्रेसरचं दुखणं कुणाला कळणार? पण बघितलंत ना, मग आता तक्रार कसली!

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता काही संत नसतो, पण पुढच्या खेपेला त्याला गाठता येतं. ॲपवरचा माणूस टेम्पो वळला की संपला. हाच माणूस तोच फ्रिज सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो तेव्हा गंजाचं आपणहून सांगतो, कारण घेणारा उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो.

घेणाराही काही कमी नाही. कुणी ‘गॅस भरावा लागतो’ म्हणालं की आपण लगेच हजार रुपये पाडून मागतो. ज्यानं तेच लपवलं, त्याला मात्र पूर्ण पैसे मोजून येतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल दाखवलं होतं, की फसण्याच्या भीतीनं गिऱ्हाईक सगळ्यांनाच कमी भाव देतं, मग चांगल्या गाडीचा मालक ती विकायलाच काढत नाही. या अभ्यासासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपण हजार रुपये वाचले यातच खूश असतो.