दुसऱ्याचा चेंडू

रविवारची पूजा आटोपली की मी सुलतान बाजारातून भाजी घेऊन घरी जात असे. गेल्या वर्षापासून भाजी आदल्या दिवशीच आणून ठेवते आणि मंदिरातून सरळ मैदानावर जाते. मंदिरातल्या बायकांना हे कळायला फार दिवस लागले नाहीत. कोठीत काय लपतं! "या वयात चेंडू?" म्हणून बऱ्याच जणी हसल्या. पण स्वाध्यायाला माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू हसल्या नाहीत. पोथी मिटता मिटता हळूच म्हणाल्या, "हा अनर्थदंड नाही का गं?"

हसणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नव्हती. काकूंना द्यायला हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

आधी खेळ काय तो सांगते. माझ्या नणंदेची मुलगी चोवीस वर्षांची आहे. बुद्धीची वाढ तिच्या वेगानं झाली, जगाच्या वेगानं नाही. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये अशा मुलांसाठी जे खेळ आहेत त्यात बोची हा एक. मूळचा इटलीचा. ६० फूट लांब, १२ फूट रुंद पट्टी. आधी एक छोटी गोळी टाकायची, मोठ्या लिंबाएवढी. मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू, ज्याचा गोळीच्या जास्त जवळ त्याची सरशी. दुसऱ्याचा चेंडू जवळ बसला असेल तर आपल्या चेंडूनं त्याला उडवून लावता येतं. आपल्या गोट्याच, जरा मोठ्या. तिच्या शाळेची माणसं रविवारी महापालिकेच्या मैदानाच्या कडेला फक्कीच्या रेघा मारतात, आणि ज्याला यायचं त्यानं यावं. या मुलांबरोबर साधी माणसं जोडीदार म्हणून खेळतात, तसा प्रकारच आहे त्यांच्यात. क्रिकेटवाली पोरं पहिले काही रविवार कुरकुरली. आता त्यांच्यातलीच दोघं आमच्यात येतात.

मला या खेळातला एक नियम फार आवडतो. ज्याचा चेंडू गोळीच्या जवळ आहे तो थांबतो. मागे पडलेला टाकत राहतो, पुढच्याला गाठेपर्यंत किंवा त्याचे चेंडू संपेपर्यंत. मागे राहिलेल्याला पाळी मिळते. घरात, बाजारात, रेशनच्या रांगेत मी हे कधी पाहिलेलं नाही.

आता काकूंचा प्रश्न. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. प्रयोजन नसताना जे पाप घडतं ते टाळायचं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे उगाच माती उकरणं, पाणी सांडणं, झाडाची पानं तोडणं, काम नसताना भटकणं. स्वयंपाकात हिंसा होते, पण पोट आहे. चेंडूला पोट नाही! मी जागा न्याहाळून घेते, मुंग्यांची रांग असली तर पट्टी सरकवायला लावते, चातुर्मासात गवत उगवलं की जातच नाही. एवढं जमतं.

अडतं ते दुसरीकडे. दुसरा प्रकार अपध्यान. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडताना सुरुवातच केली आहे ती दुसऱ्याचा जय कसा होईल, पराजय कसा होईल, याच्या चिंतनापासून. वध-बंधन त्याच्यानंतर येतं. हे वाचून मी चपापले. मुंगी वाचवली म्हणून समाधान मानत होते आणि डोळा सगळा समोरच्याच्या चेंडूवर.

म्हणून मी मला वाटलं तसा मार्ग काढला. जोडीनं खेळताना भाची नि मी एका बाजूला असतो, पण सरावाला समोरासमोर. तिच्याशी खेळताना मी चेंडू मुद्दाम बाजूला टाकू लागले. ती जिंकायची, टाळ्या वाजवायची, मी घरी यायची. हरवण्याचं पाप नाही, वर एका जिवाला आनंद. तीन रविवार असं चाललं. चौथ्या वेळी तिनं माझा चेंडू लांब गेलेला बघितला, मग माझ्या हाताकडे बघितलं.

"मामी, तू खोटं टाकलंस."

मी म्हटलं, नाही गं, हात दुखतोय. हे दुसरं खोटं. ती खाली बसली, पट्टीच्या मधोमध, आणि उठेना. जोडीदार बदलून पाहिला, पाणी दिलं, घरी जाऊ म्हटलं. तिला एवढंच म्हणायचं होतं की मग आधीचंही खोटंच होतं का. तीन रविवारच्या तिच्या टाळ्या मी एका क्षणात हिसकावून घेतल्या होत्या. त्यानंतर दोन रविवार ती आलीच नाही. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तिला खेळ कळतो हो. बाकीचं कळत नसेल."

दशलक्षणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव येतं. मनात एक, वाणीत एक, हातात तिसरंच, ही माया, आणि माया हा क्रोध-मानाच्या पंक्तीतला कषाय. किती वर्षं ऐकलं! पण दया दाखवतानाही माया करता येते हे मला बोचीच्या पट्टीवर कळलं. मी तिला जिंकू दिलं तेव्हा खरं तर मनाशी ठरवूनच टाकलं होतं की ही स्वतःहून जिंकू शकणार नाही. यात मान किती आणि करुणा किती, हे मोजायला मैदानावर टेप नव्हती.

या दिवसांत मला पुदुच्चेरीची आठवण यायची. यात्रेहून परतताना तिथं थांबलो होतो. संध्याकाळी मोकळ्या जागेत म्हातारे पुरुष पोलादी गोळे टाकत होते. तो पेतांक, बोचीचा फ्रेंच भाऊ, फ्रेंच गेले तरी तिथं राहिलेला. त्याची जन्मकथा नंतर वाचली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या ला सिओता गावात ज्यूल्स लेन्वार नावाचा एक खेळाडू होता. तेव्हाच्या खेळात धावत येऊन गोळा टाकायचा असे, आणि याला संधिवात झाला. मित्रांनी काय करावं? गोळे मुद्दाम चुकवून त्याला जिंकवलं नाही. पट्टी आखूड केली आणि पाय जमिनीवर रोवून टाकायचं ठरवलं, सगळ्यांनीच. पेतांक या शब्दाचा अर्थच रोवलेले पाय.

बोचियाचं तर त्याहून नवल. नाव सारखं, खेळ वेगळा. ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांच्यासाठीचा, १९८४ पासून पॅरालिम्पिक्समध्ये आहे. ज्याला चेंडू धरताही येत नाही तो उतरत्या पन्हाळीवरून सोडतो, आणि पन्हाळ हलवायला मदतनीस असतो. या मदतनीसानं मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही, असा नियमच आहे. हात माझा, निर्णय तुझा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आयुष्यभर सगळ्यांना मदत केली ती मैदानाकडे तोंड करून.

भरत-बाहुबलींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण मी तिच्याकडे खेळ म्हणून पाहिलंच नव्हतं. सैन्यांचा संहार नको म्हणून मंत्र्यांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध ठरवलं. बाहुबली धाकटे. थोरल्या भावाचा मान राखायला हरता आलं असतं. हरले नाहीत, तिन्ही जिंकले. मल्लयुद्धात भरताला उचललं, पण जमिनीवर आपटलं नाही, खांद्यावर घेतलं. सोडायचं ते सगळं जिंकल्यावर सोडलं. आणि भरत, चक्रवर्ती, त्यांना हरणं सोसलं नाही, भावावर चक्र सोडलं.

तिसऱ्या रविवारी मी नणंदेकडे गेले. भाचीला म्हटलं, खोटं टाकलं होतं, माझं चुकलं, क्षमा कर. तिनं विचारलं, "आज खरं?" मी म्हटलं खरं.

काकूंना मी अजून पूर्ण उत्तर दिलेलं नाही. एवढंच सांगितलं, की हो, थोडा अनर्थदंड आहे. कारण त्या दिवशी तिचा लाल चेंडू गोळीला चिकटून बसला होता, आणि मी नेम धरला, आणि तो खट्ट करून उडाला तेव्हा मला आनंद झाला. तिच्याबरोबर खेळण्याचा नव्हे, चेंडू उडवल्याचा. तो मी वहीत लिहून ठेवला, प्रतिक्रमणाला आठवावा म्हणून.

ती मात्र रडली नाही, बसली नाही. लांब गेलेल्या चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी मागे," ती म्हणाली. "आता मी टाकणार." आणि पुढचा चेंडू उचलायला वाकली.