धुण्याचा एक तास

डार्करूममध्ये हातानं बनवलेला फोटो खरा आणि इंकजेट प्रिंटरमधून निघालेला नकली, असं मानणारे बरेच भेटतात. ‘माऊस फिरवायला काय लागतं?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ही वाटणी पटत नाही. माझ्या मते कसब ओळखायची जागा वेगळी आहे: गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही, ते काम तुम्ही कसं करता?

आमच्या उमरखेडात जुन्या घरांच्या बैठकीत हार घातलेला एखादा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतोच. पणजीचा वगैरे. कित्येकदा त्या माणसाचा तो एकुलता एक फोटो. काही अजून स्वच्छ आहेत, काहींवर तपकिरी डाग पडलेत. याचं एक मोठं कारण शेवटच्या धुण्यात असतं.

डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं, हायपोत ते पक्कं होतं. मग हा हायपो कागदातून धुऊन काढावा लागतो. जाड फायबर कागदाला वाहत्या पाण्यात तासभरही लागतो. हायपो उरला, तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला धरतं आणि फोटो पिवळा पडतो. पण दहा मिनिटांत उरकलेला आणि तासभर धुतलेला, दोन्ही फोटो काउंटरवर सारखेच दिसतात.

पैनगंगेपलीकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाल १९०५ साली वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. इतकं टिकायला कुणीतरी त्या नीट धुतलेल्या असाव्या लागतात.

इंकजेटमध्येही हा ‘धुण्याचा तास’ आहेच, फक्त शाईत लपलेला. डाय शाई स्वस्त, पण उजेडानं लवकर उडते. पिगमेंट शाई महाग, पण टिकते. रंगीत शाया मिसळून केलेला करडा रंग ट्यूबलाइटखाली हिरवट, तर उन्हात गुलाबीसर दिसू शकतो. वेगळ्या करड्या शाया असलेल्या प्रिंटरवर हा दोष बराच कमी होतो. नवा प्रिंट हातात घेऊन हे कुणाला कळणार?

एक गोष्ट मात्र जुन्या पद्धतीच्या बाजूनं कबूल करायला हवी. तिथे चुकीला कागदाची किंमत पडायची, म्हणून हात आपोआप थांबायचा. आज चूक फुकट झाली. ॲपला पणजीचा पुसट चेहरा दिला, की ते क्षणात टवटवीत डोळे बनवून देतं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारे रिटचरही सुरकुत्या घालवायचे, पण त्यांच्यासमोर बहुधा तो माणूस बसलेला असायचा. ॲपनं पणजीला पाहिलेलं नाही. तिला पाहिलेलंही आता कुणी उरलेलं नाही, म्हणजे चोरी पकडणारं कुणीच नाही.

डाग काढणं वेगळं आणि डोळे नव्यानं बनवणं वेगळं. बनवलेच, तर फोटोमागे तसं लिहून द्यावं. पुढची पिढी त्या चेहऱ्यात आपलं नाक-डोळं शोधणार आहे. तिला आपण कुणाचे डोळे दाखवतोय, एवढं तरी कळायला हवं.