अंबरचे दोन चेहरे

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची माणसं माहूरला जातात, गड चढतात आणि रेणुकेपुढे उभी राहतात, तेव्हा त्यांना दिसतो तो फक्त चेहरा. धड नाही, हात नाहीत. शेंदराचा मोठा तांदळा, त्यावर डोळे, कपाळी मळवट, मुखात विडा. आई प्रत्यक्षात कशी दिसत होती, हे तिथे कुणी विचारत नाही. भक्ताचं त्यावाचून अडत नाही.

मुघल दरबारात मात्र नेमकं हेच विचारलं जाई. माणूस जसा आहे तसा कागदावर उतरला पाहिजे, मग तो बादशहा असो की वैरी. त्यासाठी कागदावर कागद चिकटवून जाड वसली करायची, ती पालथी घालून अकीकाच्या दगडाने घोटायची, खारीच्या केसांच्या कुंचल्याने सफेदा, हिंगूळ, लाजवर्द असे दाट रंग थरावर थर द्यायचे. सोन्याचा वर्ख डिंकात खलून त्याचा रंग करायचा आणि तोही शेवटी घोटून चमकवायचा. एका मिशीच्या केसांवर तासन्‌तास खर्च होत.

पण हे करावं का? हदीसच्या परंपरेत चित्रकाराला कडक इशारा आहे: तू घडवलेल्या आकृतींत प्राण फुंक, असं कयामतीच्या दिवशी त्याला सांगितलं जाईल, आणि ते त्याला जमणार नाही. अकबराने या आक्षेपाला दिलेलं उत्तर अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे. त्याचा आशय असा, की चित्रकार एकेक अवयव रेखतो आणि दर वेळी त्याला कळतं की जीव घालणं आपल्या हाती नाही, म्हणून जीव देणाऱ्याकडे तोच सगळ्यांत आधी वळतो. उत्तर सुंदर आहे. ते खरं ठरतं का, हे तपासायला मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही, कारण इथल्याच एका माणसाची दोन चित्रं त्या दरबारात निघाली.

तो माणूस मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, 1610 साली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा. मुघल फौजांना त्याने दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवलं. 1616 च्या सुमारास अबुल हसन या जहांगीरच्या आवडत्या चित्रकाराने एक चित्र काढलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. समोर भाल्यावर अंबरचं तोडलेलं मुंडकं, आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. हातोटीला तोड नाही. फक्त असं काही कधी घडलंच नाही. 1624 साली भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते, आणि शहाजींचे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुढे तर जहांगीरचाच बंडखोर मुलगा खुर्रम, नंतरचा शहाजहान, याने अंबरशी हातमिळवणी केली. हाच खुर्रम बापाच्या फौजेपुढून हटताना माहूरवरून गेला होता. अंबर 1626 साली म्हातारपणाने वारला.

दुसरं चित्र हाशिमचं, 1620 च्या दशकातलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. हाशिम दख्खनमधून मुघल दरबारात आलेला चित्रकार मानला जातो. या चित्रात गोल नाही, बाण नाही. एका बाजूने दिसणारा वयस्क, भरदार माणूस, काळी कांती, अंगात पांढरा जामा, जवळ तलवार. ज्या बादशहाने आपल्या आठवणींत अंबरला शिव्या घातल्या, त्याच घराण्याच्या चाकरीतल्या कलावंताने त्याचा चेहरा असा शांतपणे, पूर्ण मानाने रंगवला.

अकबराचं म्हणणं इथे कसाला लागतं. प्राण देता येत नाही हे ओळखून चित्रकार नम्र होतो, असं तो म्हणाला. पण प्राण घेण्याचं काय? चित्रात तेही करता येतं, आणि अबुल हसनने केलं. देणाऱ्याने अजून परत न मागितलेला जीव त्याने बादशहाच्या इच्छेखातर कागदावर संपवला. बादशहाच्या डोक्यामागे सोन्याचं प्रभामंडळ झळकत असलं तरी देवाच्या अधिकारावरचं हे अतिक्रमणच आहे, आणि जुन्या आक्षेपात जी भीती होती ती इथे खरी ठरते. हाशिमने मात्र समोरच्या माणसाला, मग तो धन्याचा शत्रू का असेना, निर्मात्याने घडवला तसाच ठेवला. अकबराचं उत्तर त्याच्या कुंचल्याने राखलं. पहिलं चित्र जगभरच्या पुस्तकांतून जास्त छापलं जातं, आणि याची खंत वाटते.

अंबरची कबर खुलदाबादला आहे, औरंगजेबाच्या कबरीपासून फार लांब नाही. वाचकांपैकी कुणी वेरूळ करून तिकडे वळणार असेल, तर निघण्याआधी हाशिमचं चित्र एकदा नीट बघावं. आणि माहूर-इस्लापूरपासून खुलदाबादपर्यंतच्या शाळांमधून अंबरचा धडा शिकवताना मुलांना हाच चेहरा दाखवावा.