वेशीवरचा तांब्या

शंका : आमचे घरधनी तीन वर्षांमागे वारले. येत्या वैशाखात मुलीचे लग्न आहे. वरात गावात मारुतीच्या पारावर उतरेल. भाऊबंद म्हणतात, सीमांतपूजन चुलता-चुलती करतील, तू औक्षणाच्या ताटाला हात लावू नकोस. माझ्या हातचे पाणी अशुभ आहे का?
— एक आई, जऊळका (जि. वाशिम)

समाधान : नाही, ताई. सीमा म्हणजे वेस. उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्याला वेशीवर गाठून पाय धुवायला पाणी द्यायचे, हा सीमांतपूजनाचा गाभा. पारस्कर गृह्यसूत्राने अर्घ्य देण्याजोगे सहा जण सांगितले आहेत. त्यांत आचार्य आणि राजा यांच्याबरोबर नवरदेवही आहे. दही, मध, तुपाचा मधुपर्क त्याला द्यायचा तो याच नात्याने. हा मान पाहुण्याचा, आणि तो द्यायचा घरधन्याने. तुमच्या घराचे धनीपण आज तुमच्याकडे आहे.

याज्ञवल्क्यस्मृती कन्यादानाचे अधिकारी सांगताना बाप, आजा, भाऊ आणि कुळातला पुरुष यांच्यानंतर आईचे नाव घेते. नाव शेवटी आहे, यावर भाऊबंद बोट ठेवतील. पण जिला मुलगी देण्याचा अधिकार आहे, तिच्या हातचे पाणी विटाळते कसे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा, असे परिपत्रक सरकारने काढले. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

मात्र दीर-जावेला दुखवू नका. पूजा त्यांच्यासोबत करा. पायांवरचा पहिला तांब्या तुमचा असू द्या. व्याह्यांच्या कानावर हे आधीच घाला. पारावर वाद नको.

शंका : मारुती ब्रह्मचारी. मग लग्नाला निघालेला नवरदेव आधी त्याच्याच पाया का पडतो?
— एक नवरदेव

समाधान : ही लोकरीत आहे. आपल्याकडे मारुती हा गावाचा राखणदार. परक्या गावात शिरणाऱ्याने आधी राखणदाराला रामराम घालावा, एवढाच अर्थ घ्या. जावई झालात तरी त्या क्षणी तुम्ही पाहुणेच. म्हणून पाया पडलात की बँडपुढे दोन-दोन तास नाचून मुहूर्त टाळू नका. मांडवाच्या दारात कुणाची तरी आई ताट घेऊन उभी असते.