टीव्ही मुका, रेडिओ चालू

कोलंबस, ओहायो. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारचे बारा. थँक्सगिव्हिंगचं उरलंसुरलं फ्रीजमध्ये आणि गॅसवर पोह्यांची कढई. माझा भाचा ओहायो स्टेट विद्यापीठात एम.एस. करायला आला आणि इथलाच झाला. त्याचा सांगलीचा वर्गमित्र त्याच वर्षी ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात गेला. एरवी दोघं एकमेकांच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावतात. या एका शनिवारी मात्र सोफ्याच्या दोन टोकांना बसतात आणि पोह्यांची ताटली मध्ये ठेवतात, सीमारेषेसारखी.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, सामना या दोघांच्या विद्यापीठांचा. त्यातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, त्यामुळे मी या दोघांकडेच जास्त बघत होते. पहिल्या पंधरा मिनिटांत भाचा म्हणाला, "ऐकलंस मावशी? त्यांनी चार यार्ड काढले तरी याचा आवाज कसा चढतो बघ." पुढच्या दहा मिनिटांत मित्र म्हणाला, "मावशी, हा माणूस ओहायोवाल्यांच्या चुकांना दुर्दैव म्हणतो आणि आमच्या चुकांना चुका." दोघं बोलत होते ते एकाच समालोचकाबद्दल. एकाच टीव्हीतून, एकाच आवाजातून, दोन टोकांच्या कानांवर दोन वेगळ्या कॉमेंट्र्या पडत होत्या.

शेवटी भाच्याने टीव्ही मुका केला आणि फोनवर ओहायो स्टेटची रेडिओ कॉमेंट्री लावली. फोनवरचा आवाज चित्राच्या कित्येक सेकंद मागे. मग टीव्ही थांबवायचा, फोनकडे कान लावायचा, चेंडू उचलल्याचं ऐकू आलं की अंगठ्याने चित्र सोडायचं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. त्याचा परिणाम असा झाला की शेजारच्या घरातली आरडाओरड आमच्याकडे टचडाउन व्हायच्या आधीच भिंतीतून यायला लागली. पुढे काय होणार ते कळूनही भाचा खूश होता. मित्र कानांत स्वतःचं यंत्र घालून मिशिगनचा रेडिओ ऐकत होता. खेळ एक, खोली एक, आणि दोघांचे समालोचक दोन.

हे वेड समजायला आधी आकार समजावा लागतो. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची अधिकृत आसनसंख्या 1,07,601 आहे, कोलंबसच्या ओहायो स्टेडियमची 1,02,780. वानखेडेसारखी तीन मैदानं त्यात मावतील. आणि हे कुठल्या राष्ट्रीय संघाचं घर नव्हे. पोरं शिकतात त्या विद्यापीठाचं मैदान आहे. या दोन विद्यापीठांची गाठ पहिल्यांदा 1897 मध्ये पडली. माणूस पदवी घेऊन निघून जातो, नोकरी बदलतो, राज्य बदलतो, पण हा संघ बदलत नाही. व्यावसायिक संघ मालक उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. विद्यापीठ कोण उचलून नेणार? गावच्या जत्रेला मुंबईतला चाकरमानी जसा परततो, तसे लोक या शनिवारांना परततात. त्यामुळे कॉमेंट्री करणारा बाहेरून आलेला माणूस त्यांना जावयासारखा वाटतो: मान द्यायचा, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर नजर ठेवायची.

पक्षपाताच्या या तक्रारीचा एक जुना आणि सगळ्यात मजेदार पुरावा टीव्हीवरच्या कॉमेंट्रीतला नाही. 24 नोव्हेंबर 1951 रोजी प्रिन्स्टनच्या मैदानावर डार्टमथ विरुद्ध प्रिन्स्टन असा सामना झाला. प्रिन्स्टनचा डिक कॅझमायर हा त्या वर्षीचा देशातला सगळ्यात गाजलेला खेळाडू. दुसऱ्या सत्रात त्याचं नाक मोडलं आणि तो मैदानाबाहेर गेला. तिसऱ्या सत्रात डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन 13-0 ने जिंकलं आणि नंतर कित्येक दिवस दोन्ही विद्यापीठांची वर्तमानपत्रं एकमेकांना रानटी म्हणत राहिली. मग डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग नोंदवायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी 4.3 नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच फिल्ममध्ये, त्याच संघाचे 9.8 दिसले.

या प्रयोगावरच्या त्यांच्या निबंधातला एक किस्सा मला आकड्यांपेक्षा जास्त आवडतो. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने ती फिल्म मागवून पाहिली. आपल्या पोरांच्या ज्या दांडगाईची एवढी बोंब झाली ती त्याला कुठेच दिसेना. त्याने तार ठोकली: फिल्मचा महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, कापलेला तुकडा विमानटपालाने पाठवा, जोडायचं साहित्य आमच्याकडे आहे. बिचाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला नाही. फिल्मचा आला.

1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात दोघांनी असं मांडलं की 'सामना' नावाची एकच वस्तू मैदानावर पडलेली नसते, जी सगळे आपापल्या जागेवरून बघतात. ज्याने त्याने आपला सामना पाहिलेला असतो. पुढे 1985 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बैरूतच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्याच बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. भाच्याच्या सोफ्यावर मी दुसरं काय बघत होते?

यावरून सरळ निष्कर्ष काढता येईल की चाहत्याला कॉमेंट्रीतलं काही कळत नाही, तो आंधळा. बरेच पत्रकार तिथेच थांबतात. कर्क हर्बस्ट्रीट यांचं उदाहरण त्यांच्या हाताशी असतंच. हर्बस्ट्रीट स्वतः ओहायो स्टेटचे क्वार्टरबॅक आणि कॅप्टन होते. त्यांचे वडीलही तिथलेच कॅप्टन. ईएसपीएनवर ते विश्लेषक झाले तेव्हा मिशिगनवाल्यांनी त्यांना ओहायोचा माणूस ठरवलं यात नवल नाही. पण 2011 मध्ये त्यांनी कोलंबसमधलं घर सोडून कुटुंब नॅशव्हिलला हलवलं ते ओहायो स्टेटच्याच चाहत्यांच्या एका गटाच्या जाचाला कंटाळून. आपला माणूस असून आपल्याबद्दल तटस्थ बोलतो, हा गुन्हा परक्याच्या पक्षपातापेक्षा मोठा.

हे आपल्याला परकं नाही. 2016 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत-बांगलादेश सामन्यानंतर अमिताभ बच्चन यांनी भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं अशा अर्थाचं ट्वीट केलं, नाव न घेता. कॅप्टन धोनीने त्याला दुजोरा दिला. त्यानंतर लवकरच हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले त्या वर्षीच्या आयपीएलच्या समालोचकांत दिसले नाहीत. कारण जाहीर झालं नाही, त्यामुळे दोन गोष्टींची गाठ मी मारत नाही. पण 'आपल्याबद्दल जास्त बोला' ही मागणी इतकी उघड क्वचितच ऐकू येते.

तरीही चाहता वाईट परीक्षक आहे असं मला वाटत नाही. न्यायाच्या बाबतीत तो वाईट परीक्षक आहे. लक्षाच्या बाबतीत त्याच्याएवढा कडक परीक्षक नाही. समालोचक आपल्या बाजूचा आहे की नाही हे त्याला सांगता येत नाही, पण समालोचक खेळ बघतोय की नाही हे त्याला बरोब्बर कळतं.

त्या शनिवारी दुपारी टीव्ही मुका व्हायच्या आधी समालोचकाने एका खेळाडूचं नाव चुकवलं. सोफ्याच्या दोन्ही टोकांकडून एकाच क्षणी खरं नाव ओरडून आलं. खेळाडू मिशिगनचा होता, पण ओरडण्यात भाचा अर्धा सेकंद पुढे होता.

ही चूक किती सहज होते ते पाहण्यासारखं आहे. कॉलेजच्या संघात शंभराहून जास्त खेळाडू असतात, आणि एकाच संघात दोघांना एकच क्रमांक देता येतो, फक्त दोघं एका वेळी मैदानात नकोत. समालोचकापुढे मोठा पुठ्ठा असतो. त्यावर जागेनुसार चौकोन, प्रत्येकात खेळाडूचं नाव, क्रमांक, गाव, एखादी आठवण, खाली बदली खेळाडू. हा पुठ्ठा बरेच जण आठवडाभर बसून स्वतःच्या हाताने, रंगीत पेनांनी भरतात. शेजारी एक माणूस उभा असतो, त्याला स्पॉटर म्हणतात. माइक चालू असल्याने तो बोलत नाही. चेंडू कोणाकडे गेला, कोणी पाडला, ते तो पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाखवतो. गर्जना करणाऱ्या त्या आवाजामागे एक मुकं बोट असतं, हे कळल्यापासून मला कॉमेंट्री वेगळीच ऐकू येते.

शिवाय हा खेळ तुटक. चेंडू पाच-सहा सेकंद हलतो, मग पुढच्या खेळीसाठी चाळीस सेकंदांपर्यंत घड्याळ चालतं. सामना साडेतीन तास चालतो आणि त्यातला बहुतेक वेळ कोणी धावत नसतं. टेस्ट क्रिकेटवर वाढलेल्या कानाला ही मोकळी जागा ओळखीची आहे. समालोचक खरा उघडा पडतो तो इथे. 7 जानेवारी 2013 ला अलाबामाने नोत्र दामला 42-14 असं लोळवलं. ईएसपीएनचे ब्रेंट मसबर्गर तेव्हा सत्तरी ओलांडलेले, या धंद्यातला मोठा आवाज. कॅमेरा अलाबामाच्या क्वार्टरबॅकच्या मैत्रिणीवर गेला आणि मसबर्गर तिच्या रूपावर बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. शिष्टाचाराचा प्रश्न होताच. पण ऐकणाऱ्याला आधी टोचतं ते हे, की आम्ही वर्षभर वाट पाहिलेल्या सामन्यात या माणसाची नजर गॅलरीत आहे.

उलट टोकाला 30 नोव्हेंबर 2013. ऑबर्न विरुद्ध अलाबामा, 28-28. वेळ संपली असं वाटलं, पण अलाबामाच्या प्रशिक्षकांच्या आग्रहावरून पंचांनी घड्याळात एक सेकंद परत टाकला. त्या एका सेकंदासाठी अलाबामाने 57 यार्डांवरून किक मारली. ती तोकडी पडली. गोलपोस्टखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. सीबीएसवर व्हर्न लंडक्विस्ट होते. त्यांनी धाव सांगितली, ऑबर्नचा विजय सांगितला आणि मग मिनिटभर गप्प बसले. लोक मैदानात उतरत होते, कोणी रडत होतं, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या माइकसमोर बसलेला माणूस काही बोलत नव्हता.

ऑबर्नचे लोक मात्र आजही ती धाव ऐकतात ती बहुधा रॉड ब्रॅम्ब्लेट यांच्या आवाजात. ते ऑबर्नच्या रेडिओचे. शब्द फुटत नाहीत, आवाज फाटतो, तटस्थपणा औषधालाही नाही. ब्रॅम्ब्लेट 2019 मध्ये अपघातात गेले, ध्वनिफीत राहिली. रेडिओवरच्या या जातीचे आद्य पुरुष म्हणजे जॉर्जियाचे लॅरी मन्सन. 1966 पासून 2008 पर्यंत ते 'आपण' म्हणतच बोलले. 1980 मध्ये फ्लोरिडाविरुद्ध जॉर्जिया एका गुणाने मागे असताना, स्वतःच्या सात यार्डांवरून सुटलेला पास झेलून लिंडसे स्कॉटने 93 यार्डांचा टचडाउन केला, तेव्हा मन्सन यांनी खुर्ची मोडली आणि तेही माइकवर सांगून टाकलं. टीव्हीचा आवाज बंद करून मन्सन लावायचे, ही जॉर्जियातल्या घराघरांतली रीत होती. माझ्या भाच्याने काही नवा शोध लावलेला नव्हता.

लंडक्विस्ट यांची शांतता आणि ब्रॅम्ब्लेट यांची किंकाळी या दोन्ही त्याच धावेच्या उत्तम कॉमेंट्र्या आहेत, कारण दोघांचे डोळे डेव्हिसवर होते. एकाने हरणाऱ्याच्या घरातही चालेल असं बघितलं, दुसऱ्याने फक्त आपल्या घरासाठी. राष्ट्रीय वाहिनीचा पगार घेणाऱ्याने किंकाळी फोडू नये, हे मला मान्य. पण चाहत्याला नको असते ती तटस्थता नव्हे. त्याला नको असतो तो थंडपणा, आधीच लिहून आणलेली वाक्यं, खेळापेक्षा स्वतःच्या पल्लेदार आवाजावरचं प्रेम. या गोष्टींना त्याच्याकडे वेगळं नाव नसतं, म्हणून तो सरसकट 'पक्षपाती' म्हणतो. रोग खरा असतो, नाव चुकीचं असतं.

मग समालोचकच नको, असंही करून झालंय. 20 डिसेंबर 1980 ला एनबीसीने जेट्स आणि डॉल्फिन्स या व्यावसायिक संघांचा सामना समालोचकाविना दाखवला. मैदानातला आवाज, पडद्यावरची अक्षरं, बस्स. तो प्रयोग नित्याचा झाला नाही. जानेवारी 2014 च्या कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्याला ईएसपीएनने एकाच खेळाची अनेक ताटं वाढली: एका वाहिनीवर प्रशिक्षकांची चर्चा, दुसरीवर गप्पा, एकीवर नुसता मैदानाचा आवाज. बहुतेकांनी नेहमीचीच वाहिनी लावली आणि नेहमीच्याच समालोचकांवर करवादले.

त्या दिवशी सामना संपल्यावर मित्र लवकर निघाला, डबा न घेता. मी भाच्याला विचारलं, तुझ्या रेडिओवरचा तो माणूस कोण? पॉल कील्स, तो म्हणाला, 1998 पासून ओहायो स्टेटचा आवाज. नंतर मी वाचलं की हेच कील्स 1980 च्या दशकात मिशिगनच्या सामन्यांची कॉमेंट्री करायचे. मोठ्या उत्साहाने मी ते भाच्याला सांगायला गेले. त्याला ते माहीत होतं.