मुलांच्या चालीने

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१४, अनुवाद १९:१-१०, जखऱ्या ८:४-५



वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर याकोब व एसाव हे दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मग एसावाने प्रेमाने सुचविले, की आता आपण बरोबरच निघू. त्याच्यासोबत चारशे माणसे होती आणि मुलूख त्याच्या पायाखालचा होता. याकोबाने मात्र नम्रपणे नकार दिला. मुले सुकुमार आहेत, दूध पाजणारी गुरेमेंढरे बरोबर आहेत, एक दिवस जरी त्यांची दौड केली तरी कळप मरेल, असे सांगून मुलांना झेपेल तसे सावकाश येण्याची त्याने परवानगी मागितली. मूळ इब्री वचनात येथे 'रेगेल' हा शब्द आहे. रेगेल म्हणजे पाऊल. शब्दशः पाहता याकोब मुलांच्या पावलाने चालणार होता. भाषांतरात आपण 'चाल' किंवा 'गती' असा शब्द योजतो आणि पुढच्या वचनाकडे वळतो. परंतु त्या इवल्याशा पावलापाशी थोडे थांबणे इष्ट आहे.

याकोबाचा हेतू सर्वस्वी सरळ होता काय, अशी शंका घेण्यास जागा आहे, कारण पुढे तो सेईरास न जाता सुक्कोथास गेला. तथापि त्याने दिलेले कारण चारशे माणसांच्या नायकालाही मोडून काढता आले नाही. ज्या तांड्यात मुले आहेत त्या तांड्याचा वेग मुलांनी ठरवावा, हा न्याय एसावालाही पटला.

वाचकहो, आपल्या गावांना तो पटला आहे काय? आपण सोलापूर-सांगलीकडे राहत असा, की इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेच्या परिसरात. तालुक्याच्या कोणत्याही गावी शाळा भरण्याच्या वेळी रस्त्याकडेला पाच मिनिटे उभे राहा. गावाच्या मधोमध महामार्ग गेलेला असतो. हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, एस. टी. आणि वाट काढणाऱ्या मोटारसायकली यांच्यामधून दप्तर पाठीशी घेतलेली मुले पलीकडे जाण्याची संधी शोधत असतात. पदपथ असलाच तर त्यावर दुकानांच्या पाट्या आणि उभी वाहने. सायकलवरची मुलगी रस्त्याच्या डांबराची तुटकी कड सांभाळीत जाते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग नीट अजमावता येत नाही. उभ्या मोटारीआडून ते चालकाला दिसत नाही आणि त्यालाही रस्ता दिसत नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची शक्ती चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने धडक बसली तर पायी चालणारा बहुधा वाचतो. ५० च्या पुढे ती आशा झपाट्याने मावळते. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात तेथे कमाल वेग ३० असावा, असे आवाहन केले. भारतात २०२२ या एका वर्षी १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. जगात ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण कोणता रोग नसून रस्त्यावरील अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता मंडळी म्हणून आपल्याशी संबंधित असा एक अवघड प्रश्न. एखाद्या घरचे लेकरू शाळेच्या वाटेवर दगावले की आपण सांत्वनाला जातो आणि सहज म्हणून जातो, की प्रभूची इच्छा. ईयोबाचे प्रसिद्ध उद्गारही आपण त्या मातेला ऐकवितो. परंतु ते उद्गार ईयोबाने स्वतःच्या लेकरांविषयी काढले होते. ते दुसऱ्याच्या लेकराविषयी उच्चारण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. आणि ज्या मित्रांनी त्याच्या दुःखाची कारणे देवाच्या नावाने समजावून दिली, त्यांच्यावर देवाचा कोप झाला. नियमशास्त्राची रीत तर अगदी निराळी आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर पडून मेलेल्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. पडणारा का पडला, त्याची वेळ भरली होती काय, याची चर्चा तेथे नाही. कठडा होता की नव्हता, एवढेच विचारले आहे. आपल्या गावच्या रस्त्याला कठडा नसेल, तर 'प्रभूची इच्छा' हे शब्द ओठांवर आणण्यापूर्वी आपण थरथर कापले पाहिजे.

आश्रयनगरांचा नियमही याच दृष्टीने वाचावा. दोघे शेजारी रानात लाकडे तोडावयास जातात, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि एकाचा प्राण जातो. मनात वैर नाही, हेतू नाही. आज आपण ज्याला अपघात म्हणतो तो हाच. मोशे त्यावर हळहळून थांबत नाही. देशाचे तीन भाग करा, नगरे नेमा आणि तेथे जाण्याचा मार्ग तयार ठेवा, असे तो आज्ञापितो. आणि देशात निर्दोष रक्त सांडू नये, हे त्याचे कारण देतो. पुढे यहूदी गुरूंनी या आज्ञेचा इतका बारकाईने विचार केला, की तो मार्ग ३२ हात रुंद असावा आणि प्रत्येक फाट्यावर 'आश्रय' अशी पाटी असावी, असे त्यांच्या परंपरेत नमूद आहे. रस्त्याची रुंदी आणि फाट्यावरची पाटी हा त्यांच्या लेखी धर्माचा विषय होता!

अलीकडच्या काळातील एक उदाहरण नेदरलँड्सचे आहे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती. त्याच वर्षी व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी शाळेच्या वाटेवर गेली. १९७२ साली त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्यात 'किंडरमोर्ड', म्हणजे बालहत्या, थांबविण्याची हाक होती. डच भाषेत हाच शब्द हेरोदाने बेथलेहेमात केलेल्या बालकांच्या कत्तलीसाठी रूढ आहे. रामात ऐकू आलेला राहेलीचा आक्रोश त्या वाचकांना पुन्हा ऐकू आला असेल. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. हळूहळू वस्त्यांतील वेग कमी झाला आणि सायकलींना स्वतंत्र मार्ग मिळाले. युट्रेक्टजवळचे हाउटेन हे तर मुळी खेडेच होते. ते वाढविताना मोटारींसाठी गावाभोवती वळणरस्ता केला गेला. एका वस्तीतून दुसरीत मोटारीने जायचे तर त्या रस्त्याने फिरून जावे लागते. सरळ, जवळची वाट पायी व सायकलने जाणाऱ्यांना दिली आहे आणि शाळा त्या वाटेवर आहेत. आज तेथे सुमारे पन्नास हजार लोक राहतात. त्या गावाने याकोबाचा न्याय डांबरात आणि विटांत उतरविला.

आपण काय करावे? प्रथम, रस्ता कोणाचा आहे याची चौकशी करा. नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे कळल्याशिवाय अर्ज टेबलाटेबलावर फिरतो. अर्जात नेमके मागा : शाळेपाशी उंच केलेला झेब्रा पट्टा, दोन्ही बाजूंना मोकळा पदपथ, पांढऱ्या पट्ट्यांनी स्पष्ट दिसणारा गतिरोधक. पट्ट्यांवाचूनचा गतिरोधक रात्री सायकलस्वारालाच पाडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, रस्त्याच्या सदोष रचनेमुळे जीव गेल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही विनयाने लक्षात आणून द्या.

दुसरे, आपलाच हिशेब घ्या. रविवारी उपासनेला येताना आपली वाहने पदपथावर उभी राहतात काय? विश्वासी बंधूच्या दुकानाची पायरी रस्त्यावर आली आहे काय? चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण कौतुकाने मोटारसायकलची किल्ली देतो काय? त्याच कायद्याने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला, तरी लहानांतील एकाला अडखळण ठेवणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीची जी गोष्ट सांगितली, ती आपल्याला ठाऊक आहे.

तिसरे, मुलांना सोबत द्या. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेहून परतणाऱ्या लोकांत असेल असे समजून मरीया व योसेफ एक दिवसाची वाट निर्धास्त चालले. लूकाने तेथे 'सुनोदिया' हा ग्रीक शब्द वापरला आहे : वाटेची सोबत. वाटेवर सारी आपलीच माणसे आहेत, असा त्या आईबापांचा भरवसा होता. आपल्या मंडळीतील निवृत्त शिक्षक, तरुण संघाचे सभासद, महिला मंडळाच्या भगिनी यांनी पाळी लावून एकेका गल्लीतील सर्व मुलांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, शाळेपर्यंत चालत नेले, तर तोही देवाच्या राज्याचा संदेशच होय.

जखऱ्याने उद्ध्वस्त यरुशलेमेविषयी स्वप्न पाहिले, त्यात काठी टेकलेले वृद्ध चौकात बसलेले आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. देव नगरात राहावयास आल्याची ही खूण आहे. येथे रस्त्यासाठी आलेला 'रहोब' हा शब्द 'रुंद, ऐसपैस' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. वाहनांसाठी आपण रस्ते रुंद करीत आलो. संदेष्ट्याच्या मोजणीत मात्र मूल आणि म्हातारा जेथे निर्भय आहेत, तोच रस्ता रुंद.

प्रेमळ पित्या, आमच्या गावच्या वाटांवर निर्दोष रक्त सांडू देऊ नकोस. तुझ्या कृपेने आमची घाई आवर, आम्हांला कठडे बांधणारे हात दे आणि लेकरांच्या पावलाने चालावयास शिकव. आमेन.