ऋणात राहणं कुणाला परवडतं?

१३ सप्टेंबर २०२३. उत्तर स्पेनमधला आंग्लिरू नावाचा घाट. सुमारे साडेबारा किलोमीटरची चढण, आणि शेवटाकडे काही ठिकाणी तर वीस टक्क्यांहून जास्त चढ. म्हणजे शंभर मीटर पुढे जायचं तर वीस मीटर वर जायचं. व्हुएल्टा ही स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत त्या दिवशी सतराव्या टप्प्यात होती. सर्वात पुढे एकाच टीमचे तिघे होते : युम्बो-व्हिस्माचे प्रिमोझ रोग्लिच, योनास विंगेगार्ड आणि सेप कुस. लाल जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असल्याची खूण, कुसच्या अंगावर होती.

शेवटच्या चढात कुस मागे पडू लागला. बाकीचे दोघे थांबले नाहीत. रोग्लिचनं टप्पा जिंकला, विंगेगार्ड दुसरा आला. कुस १९ सेकंदांनी मागून तिसरा आला. सकाळी त्याच्याकडे विंगेगार्डपेक्षा २९ सेकंदांची आघाडी होती. संध्याकाळी ती ८ सेकंदांवर आली.

त्या रात्री जगभरचे सायकलिंगचे चाहते भांडत होते. एरवी त्यांची भांडणं डावपेचांवरून होतात : हल्ला कुठे करायला हवा होता, कोण शेवटच्या आठवड्यात कोसळेल, टाइम ट्रायलमध्ये कोण किती मिनिटं घालवेल. या वेळी भांडण नीतीचं होतं. स्वतःच्याच टीमच्या माणसाची जर्सी त्याच्याच सहकाऱ्यांनी हिसकवावी का?

हे भांडण का पेटलं ते कळायला कुस काय काम करतो ते माहीत हवं. सायकलिंगमध्ये त्या कामाला ‘डोमेस्टिक’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ नोकर. हा शब्द शिवी म्हणून आला. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना शर्यत म्हणजे एकट्या माणसाच्या ताकदीची परीक्षा वाटायची. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाच्या खेळाडूनं स्वतःची शर्यत हातची गेल्यावर दुसऱ्याला मदत देऊ केली, तेव्हा देग्रांजनी त्याला तुच्छतेनं नोकर म्हटलं. शिवी मागे राहिली आणि पुढे तेच पदाचं नाव झालं. आज आठ जणांच्या टीममध्ये एक किंवा दोन लीडर असतात. बाकीचे वारा अडवतात, पाण्याच्या बाटल्या पोचवतात, लीडरचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात, आणि चढावर दम संपेपर्यंत वेग ओढून बाजूला होतात.

कुस डोंगरातला असा माणूस. रोग्लिचनं २०१९, २०२० आणि २०२१ ची व्हुएल्टा जिंकली, तेव्हा कुस सोबत होता. विंगेगार्डनं २०२२ आणि २०२३ ची टूर जिंकली, तेव्हाही होता. २०२३ च्या मे महिन्यात रोग्लिचला जिरो, जुलैमध्ये विंगेगार्डला टूर मिळवून देऊन तो ऑगस्टमध्ये तिसरी मोठी शर्यत खेळायला आला होता. आणि या वेळी बाकीचे दोघेही तिथे लीडर म्हणून हजर होते.

चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणत होता : ही शर्यत आहे, सत्कार समारंभ नव्हे. जो सर्वात ताकदवान तो जिंकावा. दुसरा म्हणत होता : इतकी वर्षं ज्यानं दुसऱ्यांसाठी जीव काढला, त्याला एकदा तरी जिंकू द्या. पहिला न्यायाची भाषा बोलतो, दुसरा माणुसकीची, असं वरवर वाटतं. मला ही वाटणीच खटकते. पहिल्या तटाच्या वाक्यात ‘सर्वात ताकदवान’ हा शब्द इतका स्वच्छ आहे का, हे आधी तपासायला हवं.

सायकलस्वाराचा सर्वात मोठा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून सपाट रस्त्यावर दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवणाऱ्याची पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त ताकद वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर कितीतरी जास्त. घड्याळ प्रत्येकाचा वेळ वेगळा मोजतं, पण त्या वेळेमागची मेहनत वेगळी काढता येत नाही. लीडरच्या पायात शेवटच्या घाटाला जी ताकद उरते, तिच्यातली काही त्याची स्वतःची असते आणि काही कुणीतरी दिवसभर वारा खाऊन त्याच्यासाठी राखलेली असते.

पहिल्या तटाकडे यावर चांगलं उत्तर आहे, आणि ते टाळता येत नाही. आंग्लिरूसारख्या चढावर वेग ताशी वीस किलोमीटरच्याही खाली येतो. तिथे मागे लपून फारसं काही वाचत नाही. म्हणजे नेमक्या अशाच जागी उसनं काही उरत नाही, आणि ज्याचे पाय चांगले तोच पुढे जातो. शिवाय कुसची आघाडी तरी कुठून आली? सहाव्या टप्प्यात तो आधीच निसटलेल्या गटातून पुढे गेला आणि जिंकला. मोठ्या नावांवर त्यानं जवळजवळ तीन मिनिटं मिळवली. त्याला कुणी जाऊ दिलं, कारण त्याला कुणी दावेदार धरलंच नव्हतं. नोकर समजले गेल्याचा तो फायदा होता, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

पण यातून पहिला तट सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की या खेळात निव्वळ ताकद मोजण्याची जागा कुठेच नाही. चढावर वारा नसला, तरी चढाच्या पायथ्याशी येईपर्यंतचे सोळा दिवस आणि त्याआधीचा जिरो आणि टूर होतेच. कुसनं त्या वर्षी ज्या दोघांचे पाय राखले, त्याच पायांनी ते त्याच्या पुढे गेले. ‘सर्वात ताकदवान जिंको’ हा नियम निःपक्षपाती दिसतो. प्रत्यक्षात तो वर्षभर ज्याला सावली मिळाली त्याच्या बाजूनं आधीच झुकलेला असतो. आणि सावली कुणाला द्यायची हे टीमनं मोसमाच्या सुरुवातीलाच ठरवलेलं असतं.

म्हणून कुसचा हक्क मला दयेचा वाटत नाही. तो हिशेबाचा आहे. अडचण अशी की हा हिशेब पुरा होत नाही.

मराठीत कर्ज आणि ऋण असे दोन शब्द आहेत. कर्जाला आकडा असतो. ते फेडलं की संपतं. ऋणाला आकडा नसतो. आई-वडिलांचं ऋण, गुरूचं ऋण. पुस्तकाच्या मनोगतात किंवा निरोप समारंभात आपण एक ठरलेलं वाक्य ऐकतो : त्यांचे आभार मानून मला मोकळं व्हायचं नाही, मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो. ऐकायला सुंदर वाक्य आहे. पण हे वाक्य नेहमी घेणारा म्हणतो. देणाऱ्याला कधी विचारलं जात नाही की बाबा, तुला हे असंच थकलेलं ठेवायचं आहे का? ऋणात राहणं ज्याला परवडतं तो राहतो. त्याची नम्रताही दिसते आणि खर्चही होत नाही. व्यासपीठावर उभं राहून विजेता म्हणतो की टीमशिवाय हे शक्य नव्हतं. मोठ्या शर्यतीच्या बक्षिसाची रक्कम टीममध्ये वाटून घ्यायची जुनी रीतही आहे. पैसे वाटले जातात. नाव वाटलं जात नाही.

आंग्लिरूनंतर टीमनं ठरवलं की आता सगळे कुससाठी चालवतील. पुढच्याच टप्प्यात त्याची आघाडी ८ वरून १७ सेकंदांवर गेली आणि तीच माद्रिदपर्यंत टिकली. सुमारे ७७ तासांच्या शर्यतीत १७ सेकंद. विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. तिन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षात जिंकणारी ती पहिली टीम ठरली.

यावर सर्वात टोकदार आक्षेप असा : वरून आदेश आला, मग कृतज्ञता कसली? आणि आदेशानं मिळालेली जर्सी जिंकलेली म्हणायची की दिलेली? मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दोघांचं खरंच नुकसान झालं. रोग्लिचला ती चौथी व्हुएल्टा मिळाली असती, म्हणजे विक्रमाची बरोबरी. ती त्याला पुढच्या वर्षी, दुसऱ्या टीमकडून खेळताना मिळाली. पण २०२३ मध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. विंगेगार्डचे पाय पाहता १७ सेकंद काही फार नव्हते. आतून काय वाटत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण फेड ही भावनेवरून ओळखायची नसते, खर्चावरून ओळखायची असते. मनापासून म्हटलेल्या ‘ऋणात राहू इच्छितो’पेक्षा कुरकुरत दिलेले १७ सेकंद मला जास्त प्रामाणिक वाटतात.

शब्द दिला असता तर सोपं झालं असतं का? १९८५ मध्ये ग्रेग लेमाँडनं टीमचं ऐकून स्वतःची संधी सोडली, बर्नार इनोनं पाचवी टूर जिंकली आणि पुढच्या वर्षी मदत करण्याचं जाहीर वचन दिलं. १९८६ मध्ये त्याच इनोनं लेमाँडवर हल्ले केले. लेमाँड जिंकला, पण स्वतःच्याच टीमच्या माणसाशी झगडून. म्हणजे बोललेलं वचनही पुरत नाही. देण्याची वेळ आली की प्रत्येकाला आपली ताकद फक्त आपलीच वाटू लागते.

आंग्लिरूवरचा आणखी एक तपशील मला सोडवत नाही. मागे पडलेल्या कुसच्या पुढे मिकेल लांडा होता. प्रतिस्पर्धी टीमचा. तो वेग धरून चालवत राहिला आणि कुस त्याच्या चाकाला चिकटून वर आला, त्याच्या आधी रेषेवर पोचला, आणि तिसऱ्या क्रमांकाचे ४ बोनस सेकंद त्याला मिळाले. लांडाला स्वतःच्या क्रमांकासाठीही वेगानं जायचं होतंच. पण हाच लांडा २०१७ च्या टूरमध्ये क्रिस फ्रूमसाठी राबला होता, आणि त्याचा स्वतःचा तिसरा क्रमांक एका सेकंदानं हुकला होता. त्या चढावर त्याच्या मनात काय होतं, याचा अंदाज मी बांधणार नाही. एवढंच दिसतं की ज्याचं काही देणं नव्हतं त्याच्या मागे कुसला आधार मिळाला, आणि ज्यांचं देणं होतं ते पुढे निघून गेले होते.

आता हिशेब का पुरा होत नाही त्याकडे. कुसला न्याय मिळाला, कारण योगायोगानं जर्सी त्याच्या अंगावर आली आणि जगाला तो दिसला. त्याच टीममध्ये रॉबर्ट गेसिंक होता. एकेकाळी स्वतः टूरमध्ये पहिल्या दहांत आलेला, आता घोळक्याच्या पुढे तासन् तास वारा खाणारा. तो कुससाठीही राबला. त्याचं कोण फेडणार? कुस जिंकला त्या क्षणी तो देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सर्वांना आळीपाळीनं जिंकू दिलं तर शर्यत उरणार नाही, हे पहिल्या तटाचं म्हणणं इथे बरोबर आहे. पण सगळं फेडता येत नाही, म्हणून जे फेडता येण्यासारखं समोर आलं आहे तेही सोडायचं, हे मात्र त्यातून निघत नाही.

२०२५ ची व्हुएल्टा विंगेगार्डनं जिंकली. त्याच्या टीममध्ये कुस होता, आणि डोंगरात तो पुन्हा त्याच्यासाठी वेग ओढत होता.